खोक्यावर न छापलेलं चिपचं नाव

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा अधिकृत आधार संपला. वर्षभराची मुदतवाढ घेता येते, पण ती मुदतवाढच. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षा चिप आणि साधारण 2018 च्या पुढच्या पिढीचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे त्याआधीचे बहुतेक लॅपटॉप दारातच अडवले जातात. ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंत असे लॅपटॉप घरोघर आहेत. थोरल्याच्या इंजिनीअरिंगसाठी घेतलेला आणि आता धाकटीकडे आलेला, लॉकडाउनमध्ये ऑनलाइन शाळेसाठी घाईघाईने सेकंडहँड घेतलेला, वागळे इस्टेट नाहीतर ऐरोली-महापेच्या कंपनीने काढून टाकलेला आणि डागडुजी होऊन पुन्हा बाजारात आलेला. त्यांचे स्क्रीन धड आहेत, कीबोर्ड चालतात, जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकली की आणखी काही वर्षं सहज निघतील. म्हणून बरेच जण लिनक्सकडे वळताहेत, आणि ते योग्यच करताहेत.

मिंट किंवा उबुंटू यांसारखं लिनक्स पेनड्राइव्हवरून बसवायला आज अर्धा-पाऊण तास पुरतो. आवाज येतो, कॅमेरा चालतो, देवनागरी टाइप करता येतं. आणि मग लक्षात येतं की कोपऱ्यात वायफायचं चिन्हच नाही. नेटवर्कची यादी रिकामी असण्याचा प्रश्नच येत नाही, कारण यादी उघडायला बटणच नसतं. बहुतेकांचा लिनक्सशी संबंध इथेच संपतो. लॅपटॉप दुकानात जातो, दुकानदार म्हणतो, ‘लिनक्स हे आपल्यासारख्यांचं काम नाही,’ आणि विंडोजची कुठलीतरी चोरटी प्रत त्यावर चढवून देतो.

‘लिनक्स अवघड आहे’ हा समज याच एका अनुभवावर सर्वांत जास्त पोसला गेलेला आहे. मला तो मान्य नाही. कार्ड चालत नाही यात तांत्रिक गुंतागुंत थोडी आहे. मुख्य गोष्ट अशी की आपण पैसे मोजून घेतलेल्या वस्तूशी कसं बोलायचं, ही माहिती वस्तू बनवणाऱ्याने आपल्यापासून राखून ठेवलेली असते. आणि त्या राखून ठेवण्याचा भुर्दंड सगळ्यांवर सारखा पडत नाही. जो सर्वांत स्वस्तातलं यंत्र घेतो, त्याच्यावर तो सर्वांत जास्त पडतो.

हे पटण्यासाठी कार्ड चालतं कसं ते पाहावं लागेल. लॅपटॉपच्या तळाचं झाकण उघडलं की बिस्किटाच्या तुकड्याएवढी एक हिरवी किंवा काळी पट्टी दिसते, तिला दोन बारीक वायरी जोडलेल्या असतात. त्या वायरी स्क्रीनच्या कडेने वर जातात, ते अँटेना. पट्टीवरची चिप म्हणजे स्वतंत्र छोटा संगणकच असतो. त्याला स्वतःचा प्रोग्राम लागतो, त्याला फर्मवेअर म्हणतात. बहुतेक कार्डांत तो कायमचा साठवलेला नसतो. लॅपटॉप सुरू होताना दर वेळी तो डिस्कवरून चिपमध्ये चढवावा लागतो. चढवण्याचं आणि नंतर चिपला आज्ञा देण्याचं काम ड्रायव्हर करतो, आणि लिनक्समध्ये तो ड्रायव्हर कर्नेलचाच, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याचाच, भाग असतो. म्हणजे दोन गोष्टी हव्यात: चिपची भाषा जाणणारा ड्रायव्हर आणि चिपमध्ये चढवायची फर्मवेअरची फाइल. यातलं एक जरी नसलं तरी कार्ड म्हणजे नुसती पट्टी.

आमच्या इमारतीत डिप्लोमाला असलेला एक मुलगा मागे असाच लॅपटॉप घेऊन आला. ‘काका, कार्ड जळलंय बहुतेक, दुकानवाला नवीन टाकायला सांगतोय.’ आधी ‘आरएफकिल लिस्ट’ ही आज्ञा देऊन पाहिली, कारण कित्येकदा कीबोर्डवरची विमानाची कळ चुकून दाबलेली असते आणि लोक तासन्‌तास दुसरीकडेच शोधत बसतात. तसं नव्हतं. मग ‘एलएसपीसीआय -एनएन’. ही आज्ञा यंत्राच्या आत काय काय बसवलंय ते वाचून दाखवते, आणि प्रत्येक वस्तूपुढे चार-चार आकड्या-अक्षरांची एक जोडी देते. पहिला भाग बनवणाऱ्याचा, दुसरा त्या वस्तूचा. इंटेलचा पहिला भाग 8086 असतो, त्यांच्या 1978 च्या प्रसिद्ध प्रोसेसरचा आकडा. या मुलाच्या लॅपटॉपवर कार्ड यादीत ठळक दिसत होतं. म्हणजे जळलेलं नव्हतं. विजेवर होतं, ओळख सांगत होतं. शेवटी ‘डीमेसेज’ या आज्ञेने दाखवलेल्या कर्नेलच्या नोंदींत एक ओळ सापडली: अमुक फर्मवेअर चढवता आलं नाही, एरर उणे दोन. उणे दोनचा अर्थ एवढाच की त्या नावाची फाइल डिस्कवर नाही. काही शे केबीच्या एका फाइलसाठी तो मुलगा नवीन कार्डाचे पैसे द्यायला निघाला होता.

फाइल आणायची तर इंटरनेट हवं, आणि इंटरनेट आणणारं कार्ड तर फाइलीवाचून अडलेलं. पूर्वी या फेऱ्यातून सुटायला दुसरं यंत्र शोधावं लागे. आता उपाय प्रत्येकाच्या खिशात आहे: अँड्रॉइड फोन चार्जिंगच्या केबलने लॅपटॉपला जोडायचा आणि फोनमध्ये यूएसबी टेदरिंग सुरू करायचं. फोन लिनक्सला वायरवाल्या नेटवर्क कार्डासारखा दिसतो आणि त्याचा ड्रायव्हर कर्नेलमध्ये आधीपासून आहे. एवढी एक गोष्ट माहीत असती तर कितीतरी लॅपटॉप परत दुकानात गेले नसते. म्हणून ती इथे मुद्दाम सांगतो.

आता स्वस्त-महागाचा मुद्दा. कंपन्यांतून बाहेर पडलेले सेकंडहँड लॅपटॉप, ज्यांना बाजारात ‘बिझनेस सिरीज’ म्हणतात, त्यांत बहुधा इंटेलचं कार्ड असतं. इंटेल आपल्या वायफाय कार्डांचे ड्रायव्हर स्वतः कर्नेलमध्ये देते आणि फर्मवेअर वाटायची परवानगीही देते, त्यामुळे ती कार्डं बहुतेक वेळा पहिल्याच मिनिटाला चालतात. उलट ‘स्टुडंट लॅपटॉप’ म्हणून जे नवे आणि स्वस्त मॉडेल विकले गेले, त्यांत खर्च वाचवायला ज्या चिप टाकल्या गेल्या, त्या बऱ्याचदा अडून बसणाऱ्या निघाल्या. लॅमिंग्टन रोडवर जुने लॅपटॉप विकणाऱ्या मुरलेल्या माणसाला हा फरक पक्का ठाऊक असतो. डोंबिवलीहून दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरणाऱ्या गिऱ्हाइकाला तो ठाऊक नसतो. त्याला प्रोसेसर, रॅम, हार्ड डिस्क या तीन गोष्टी विचारायला शिकवलेलं आहे. वायफायची चिप कोणती, हे कोणी विचारत नाही आणि कोणी सांगत नाही.

सांगायचं म्हटलं तरी सोपं नाही, कारण तेच नाव आणि तोच नंबर असलेल्या वस्तूच्या आत वेगळी चिप असू शकते. टीपी-लिंकचा टीएल-डब्ल्यूएन722एन हा यूएसबी अडॅप्टर याचं जगभर माहीत असलेलं उदाहरण आहे. त्याच्या पहिल्या आवृत्तीत अ‍ॅथेरॉसची एआर9271 चिप होती. तिचा ड्रायव्हर कर्नेलमध्ये, आणि 2013 पासून तिच्या फर्मवेअरचा सोर्ससुद्धा खुला. लिनक्स वापरणाऱ्यांनी हा अडॅप्टर एकमेकांना डोळे झाकून सुचवला. दुसऱ्या आवृत्तीपासून आत रिअलटेकची आरटीएल8188ईयूएस आली, जिची लिनक्सवरची कथा पूर्ण वेगळी. नाव तेच, मॉडेल नंबर तोच, फरक फक्त लेबलावरच्या बारीक ‘व्ही2’ मध्ये. यात बेकायदा काही नाही. पण गिऱ्हाइकाच्या बाजूने पाहिलं तर त्याने एक वस्तू चौकशी करून निवडली आणि त्याला दुसरी मिळाली.

चिप बनवणाऱ्यांनी माहिती का दडवली, याची कारणं पूर्वीही सांगितली जात होती, आजही सांगितली जातात. त्यांपैकी व्यापारी गुपित हे पहिलं. पण अनुभव काय सांगतो? ब्रॉडकॉमने आपल्या कार्डांची माहिती दिली नाही, तेव्हा स्वयंसेवकांनी तिचा ड्रायव्हर उलटा उलगडला. एका गटाने राउटरमधल्या बंद ड्रायव्हरचा अभ्यास करून चिप कशी वागते याचं वर्णन लिहिलं, आणि ज्यांनी बंद ड्रायव्हर पाहिलाच नव्हता अशा दुसऱ्या गटाने त्या वर्णनावरून नवा ड्रायव्हर लिहिला. नक्कल केल्याचा आरोप येऊ नये म्हणून ही काळजी. 2006 मध्ये तो कर्नेलच्या 2.6.17 आवृत्तीत आला. तरी फर्मवेअर वाटायची परवानगी नव्हतीच, म्हणून वापरणाऱ्याने कंपनीचा बंद ड्रायव्हर स्वतः उतरवून त्यातून फर्मवेअर कापून काढायचं, अशी सोय करावी लागली. 2008 मध्ये अ‍ॅथेरॉसने एथ9के हा ड्रायव्हर स्वतःहून खुला केला. 2010 च्या सप्टेंबरमध्ये ब्रॉडकॉमनेही नव्या चिपसाठी खुला ड्रायव्हर दिला. त्यामुळे दोघींपैकी कोणाचा धंदा बसला नाही. जे गुपित म्हणून वर्षानुवर्षं राखलं, ते खुलं झाल्यावर कोणाचंच नुकसान झालं नाही. मधल्या वर्षांत मात्र हजारो माणसांचा वेळ एका कुलपाची किल्ली घडवण्यात गेला, जी कुलूप बनवणाऱ्याच्या टेबलावरच पडलेली होती.

ही माणसं कोण होती, याचा विचार आपण पुरेसा केलेला नाही असं मला वाटतं. त्यांच्यातल्या एकाबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. लॅरी फिंगर हे अमेरिकेतले गृहस्थ 2005 च्या सुमारास ब्रॉडकॉमच्या ड्रायव्हरच्या कामात आले आणि नंतर रिअलटेकच्या कार्डांकडे वळले. पुढे जवळजवळ दोन दशकं त्यांनी हेच काम केलं. कर्नेलमध्ये त्यांचे हजाराहून अधिक पॅच, म्हणजे दुरुस्त्या, आहेत. जून 2024 मध्ये ते वारले.

त्यांनी सोडवलेला एकच प्रश्न जवळून पाहू. आरटीएल8723बीई ही चिप असलेले काही स्वस्त लॅपटॉप बाजारात आले. लिनक्सवर कार्ड दिसे, नेटवर्कची यादी येई, जोडणीही होई, पण राउटरच्या शेजारी बसलं तरच. हॉलमध्ये राउटर आणि आतल्या खोलीत लॅपटॉप, की सिग्नल गायब. वन बीएचकेमध्येसुद्धा चालेना. लोकांनी राउटर बदलले, केबलवाल्याला दोष दिला. खरी गोष्ट अशी होती की कार्डावर अँटेना जोडायच्या दोन जागा होत्या, पण खर्च वाचवायला लॅपटॉपमध्ये एकच अँटेना टाकलेला होता. आणि कोणती जागा भरलेली आहे हे चिपच्या कायमस्वरूपी स्मृतीत चुकीचं नोंदवलेलं होतं. ड्रायव्हर इमानदारीने ती नोंद वाचायचा आणि जिथे वायरच नाही त्या जागेतून सिग्नल शोधत बसायचा. फिंगर यांनी 2016 मध्ये ड्रायव्हरला ‘एएनटी-सेल’ नावाचा एक पर्याय जोडला. त्याला 1 किंवा 2 किंमत द्यायची, की ड्रायव्हर चिपची नोंद बाजूला ठेवून सांगितलेल्या जागेचा अँटेना वापरतो. एक ओळ लिहायची, लॅपटॉप पुन्हा सुरू करायचा, आणि आतल्या खोलीत नेट येतं. मी स्वतः हे होताना पाहिलं आहे आणि त्या घरातल्या मुलीचा चेहरा मला आठवतो. सहा महिने ती हॉलमध्ये पाठ भिंतीला टेकून अभ्यास करत होती.

अँटेना कारखान्यात वाचवला गेला, नोंद कारखान्यात चुकली आणि दुरुस्ती केली ती त्या कारखान्याशी काही देणंघेणं नसलेल्या एका माणसाने. त्यांनी ती कोणासाठी केली? महागडं कार्ड घेऊ शकणाऱ्यांना तिची गरज नव्हती. ज्यांना ती लागली त्यांतले कितीतरी जण आपल्यासारख्या गावांतले, हप्त्यावर लॅपटॉप घेणारे. एका माणसाच्या चांगुलपणावर हे सगळं उभं असावं, ही व्यवस्था टिकणारी नाही. रिअलटेकच्या बाबतीत न्याय्य सांगायचं तर अलीकडे चित्र बदललं आहे: 2019 मध्ये कर्नेल 5.2 पासून आरटीडब्ल्यू88 आणि नंतर आरटीडब्ल्यू89 हे ड्रायव्हर कंपनीच्याच इंजिनीअरांनी कर्नेलमध्ये आणले. हे आधीच झालं असतं तर बरं, पण झालं हे मोलाचं आहे. मधल्या दहा वर्षांतल्या चिप मात्र आजही घराघरांत आहेत, आणि विंडोज 10 संपल्यावर लिनक्सकडे येणारे लॅपटॉप नेमके त्याच काळातले आहेत.

ड्रायव्हर कर्नेलमध्ये असण्याला एवढं महत्त्व का द्यायचं, असं कोणी विचारेल. बाहेरून उतरवलेला ड्रायव्हरही चालतोच की. चालतो, पुढच्या अपडेटपर्यंत. कर्नेलची आतली रचना आवृत्तीगणिक बदलते आणि बाहेरचा ड्रायव्हर प्रत्येक वेळी नव्याने बांधावा लागतो. एखाद्या सकाळी तो बांधला जात नाही आणि काल रात्री चालत असलेलं वायफाय गायब होतं. त्यात सिक्युअर बूट चालू असेल तर बाहेरच्या ड्रायव्हरवर सही हवी, सुरू होताना निळा पडदा येतो, तिथे पासवर्ड मागतात, आणि घाबरलेला माणूस ‘कंटिन्यू’ दाबून मोकळा होतो. कर्नेलमधल्या ड्रायव्हरला यातलं काही लागत नाही. रचना बदलणारा माणूसच आत असलेले सगळे ड्रायव्हर त्याबरोबर दुरुस्त करतो.

माहिती दडवण्याचं दुसरं कारण जास्त गंभीर आहे आणि त्याचं उत्तर नीट द्यायला हवं. वायफाय म्हणजे रेडिओ. ठरलेल्या लहरींत, ठरलेल्या ताकदीनेच बोललं पाहिजे, नाहीतर शेजाऱ्याचं आणि क्वचित रडार वगैरेंचंही काम बिघडेल. भारताने 2.4 ते 2.4835 गिगाहर्ट्झचा पट्टा 2005 मध्ये परवानामुक्त केला आणि 2018 मध्ये 5 गिगाहर्ट्झचा मोठा भाग मोकळा केला, पण ताकदीच्या मर्यादा ठेवूनच. चिप उघडी केली तर लोक मर्यादा मोडतील, असा हा युक्तिवाद. डोंबिवलीत तर एका मजल्यावर उभं राहिलं की आडनावं आणि फ्लॅट नंबर लावलेल्या नेटवर्कांची लांबलचक यादी येते. 2.4 च्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारी जागा तीनच, 1, 6 आणि 11. तिथे एकाने आवाज वाढवला तर सगळ्यांचं बिनसेल, हे मीही मान्य करतो.

पण लिनक्समध्ये या मर्यादा पाळायची यंत्रणा आहे. देशोदेशीच्या नियमांची एक उघडी नोंदवही आहे, तिच्यात भारतासाठी ‘आयएन’ या खुणेखाली कोणत्या लहरी, किती ताकद हे लिहिलेलं आहे, आणि ड्रायव्हर त्यापलीकडे जात नाही. एआर9271 चं फर्मवेअर खुलं होऊन दशक उलटलं तरी आकाशवाणी बंद पडलेली नाही. उलट बंद चिपमध्ये कोरलेले नियम आपल्याकडे वेगळाच त्रास देतात. अमेरिकेतून मुलाने पाठवलेला लॅपटॉप घ्या. अमेरिकेत 12 आणि 13 हे चॅनल वापरत नाहीत, म्हणून कार्डाच्या स्मृतीतच ते बंद असतात. इथल्या राउटरने गर्दी टाळायला आपणहून 13 निवडला, जे भारतात पूर्ण कायदेशीर आहे, की घरातल्या सगळ्या फोनना नेट दिसतं आणि त्या एका लॅपटॉपला दिसत नाही. लिनक्सला देश भारत असं सांगितलं तरी अनेक कार्डं ऐकत नाहीत. राउटरचा चॅनल हाताने 6 किंवा 11 वर आणावा लागतो.

लिनक्सच्या बाजूच्या लोकांतही या विषयावर मोठा वाद झाला. डेबियन या लिनक्स-वितरणाने वर्षानुवर्षं बंद फर्मवेअर आपल्या अधिकृत डिस्कवर ठेवलं नाही. तत्त्व स्वच्छ होतं, पण नवख्याला डेबियन बसवताना नेमकं वायफाय अडे. 2022 मध्ये सदस्यांनी मतदान करून ते डिस्कवर घ्यायचं ठरवलं, आणि जून 2023 मध्ये आलेल्या डेबियन 12 पासून ते मिळू लागलं. मला हा निर्णय बरोबर वाटतो. ज्याला नेटच मिळालं नाही तो खुल्या सॉफ्टवेअरच्या स्वातंत्र्यापर्यंत पोचणारच नाही. मात्र ही तडजोड आहे हे डेबियनने लपवलं नाही. बंद फर्मवेअर वेगळ्या विभागात ठेवलं. आपण काय खुलं वापरतोय आणि काय बंद, हे वापरणाऱ्याला दिसत राहतं.

‘एवढ्या भानगडीपेक्षा चांगला चालणारा यूएसबी डोंगल घ्या आणि मोकळे व्हा,’ असं सांगणारे बरेच भेटतात. अडलेल्या माणसाला मीही तेच सांगतो, कारण त्याला आज रात्री फॉर्म भरायचा असतो. पण याला उत्तर म्हणता येत नाही. ज्याने आधीच स्वस्त म्हणून तो लॅपटॉप घेतला, त्यानेच वर पुन्हा पैसे घालायचे. लॅपटॉपला दोन-तीनच यूएसबीच्या खाचा, त्यांतली एक कायमची अडकवायची. आणि आतलं कार्ड बदलायचं म्हटलं तर काही जुन्या लॅपटॉपांत कंपनीने मान्य केलेल्या यादीबाहेरचं कार्ड लावलं की यंत्र सुरूच होत नाही, ‘अनधिकृत नेटवर्क कार्ड’ असा संदेश देऊन थांबतं. स्वतःच्या पैशाने घेतलेल्या यंत्रात स्वतःच्या पैशाने घेतलेलं कार्ड ‘अनधिकृत’ ठरतं.

इथे हा विषय ग्राहकहक्काचा होतो. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी 24 डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू झालं. मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू त्यात आहेत. चर्चा प्रामुख्याने सुटे भाग, सर्व्हिस सेंटर, मॅन्युअल यांची होते. माझं म्हणणं असं की चिपचं नाव आणि तिचं फर्मवेअर हेही सुटे भागच आहेत. बॅटरी मिळत नाही म्हणून लॅपटॉप निकामी होणं आणि एक फाइल वाटायला परवानगी नाही म्हणून निकामी होणं, यात मालकाच्या दृष्टीने फरक काय?

आणि मागणी तरी किती लहान आहे. आवेष्टित वस्तूंच्या 2011 च्या नियमांप्रमाणे खोक्यावर उत्पादकाचं नाव-पत्ता, एमआरपी, तक्रारीसाठी संपर्क हे सगळं छापावं लागतं. भारतात विकायच्या वायफाय उपकरणाला दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेकडून ईटीए मान्यता घ्यावी लागते, त्यासाठी रेडिओची चाचणी झालेली असते. म्हणजे आत कोणता रेडिओ आहे हे आयात करणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. त्याच खोक्यावर आणखी एक ओळ छापायची: वायफाय चिप, उत्पादक आणि क्रमांक. चिप बदलली तर मॉडेलचं नावही बदलायचं. यात कोणाचं गुपित उघडं पडत नाही; वस्तू उघडली की ते नाव चिपवर छापलेलं असतंच. फक्त ते गिऱ्हाइकाला पैसे देण्याआधी कळायला हवं.

हे कायद्याने होईपर्यंत मोठ्या खरेदीदारांनी अट घातली तरी फरक पडेल. केरळने आपल्या सरकारी शाळांतलं संगणकशिक्षण लिनक्सवर नेलं. एखादं राज्य हजारो यंत्रं घेताना ‘आमच्या प्रणालीवर पहिल्या दिवशी चालली पाहिजेत’ म्हणतं, तेव्हा पुरवठादार चिप तपासूनच यंत्र देतो. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली महापालिकाही शाळांसाठी, कार्यालयांसाठी संगणक घेतात. निविदेत एक वाक्य हवं: यंत्रातलं नेटवर्क कार्ड मूळ लिनक्स कर्नेलमधल्या ड्रायव्हरवर, बाहेरून काही न बसवता चाललं पाहिजे. विंडोजच वापरायचं असलं तरी ही अट घालावी, कारण विंडोजची मुदत संपली की तीच यंत्रं शाळेत आणखी पाच वर्षं वापरता येतील.

या भागात सार्वजनिक वाचनालयं जुनी आहेत. कल्याणचं 1864 चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 चं. वर्तमानपत्र विकत घेणं न परवडणाऱ्याला ते टेबलावर मिळावं, हा त्यामागचा विचार होता. आज त्याच टेबलावर एक वायरचं नेट आणि फर्मवेअरच्या फाइली भरलेला एक पेनड्राइव्ह असायला काय हरकत आहे? आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरिअल प्रकल्पाचे लिनक्सचे धडे मराठीतून मोफत आहेत. शिकवणारं साहित्य आहे, जागा आहे, आणि इंजिनीअरिंगची मुलं तर प्रत्येक इमारतीत आहेत.

त्या मुलांसाठी, आणि त्यांच्या प्राध्यापकांसाठी, शेवटचं. आपल्या कॉपीराइट कायद्यात 1999 च्या दुरुस्तीने कलम 52 मध्ये एक खंड आला. ज्याच्याकडे प्रोग्राम कायदेशीरपणे आहे, त्याने स्वतंत्रपणे लिहिलेला दुसरा प्रोग्राम त्याच्याशी जुळवून घेण्यासाठी लागणारी माहिती मिळवली, आणि ती माहिती अन्यथा सहज मिळत नसेल, तर तो कॉपीराइटचा भंग ठरत नाही. ब्रॉडकॉमचा ड्रायव्हर उलगडणाऱ्यांनी जे केलं, तसं काम करायला भारतीय कायद्याने पंचवीस वर्षांपूर्वीच दार उघडून ठेवलं आहे. शेवटच्या वर्षाला उपस्थिती नोंदवणारं अ‍ॅप आणि ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर पुन्हापुन्हा करण्यापेक्षा लॅमिंग्टन रोडवरून एक अडलेला अडॅप्टर आणावा आणि त्याचा ड्रायव्हर लिहायला घ्यावा. कर्नेलमध्ये ‘स्टेजिंग’ नावाचा विभाग आहे, तिथे अर्धवट तयार ड्रायव्हर ठेवलेले असतात, आणि प्रत्येकाच्या फोल्डरमध्ये ‘टू-डू’ नावाची फाइल असते. काय काय दुरुस्त करायचं बाकी आहे आणि पॅच कोणाला पाठवायचा, हे त्यात लिहिलेलं आहे.